उसनी साक्ष

एंजेलाच्या प्रश्नानंतर खोलीत कोणीच बोलेना. गोष्ट सांगता सांगता मुक्ताबाईंनी उचललेला हात तसाच अधांतरी राहिला. पाळकसाहेबांनी मांडीवरचे पवित्र शास्त्र मिटले आणि काही आठवल्यासारखे पुन्हा उघडले. सतरंजीवर दाटीने बसलेली माणसे एकमेकांच्या खांद्यांआडून दाराकडे पाहू लागली. दारात मुक्ताबाईंचा धाकटा लेक जॉय सरबताचा ट्रे घेऊन उभा होता. भिंतीशी स्टुलावर अँड्र्यूचा फोटो होता. त्याच्यापुढच्या मेणबत्तीची ज्योत एप्रिलच्या उन्हाच्या भगभगीत दिसतही नव्हती. मेण तेवढे वितळत होते.

प्रश्न साधा होता. “पण आई, ते कोकरू तर जॉयचं होतं ना?” एवढेच ती मुक्ताबाईंना, आपल्या होणाऱ्या सासूला, म्हणाली होती.

अँड्र्यू काविळीने गेला त्याला तीन वर्षे झाली, म्हणून भिंगारच्या या क्वार्टरमध्ये शनिवारी दुपारी प्रार्थनासभा ठेवली होती. मुक्ताबाईंनी थोरल्या लेकाची आठवण सांगितली. लहानपणी नाताळच्या नाटकात तो मेंढपाळ झाला होता. त्याच्या काखेत खरे कोकरू दिले होते. नाटकानंतर ते मालकाकडे परत गेले आणि दुसऱ्या दिवशी मंडळीच्या पंगतीत वाढले गेले. पोराने कोणाला काही विचारले नाही, तो रडला नाही, रुसला नाही. त्या दिवसापासून त्याने मटण सोडले. आणि का सोडले हे पुढे मोठेपणी एकदाच, भाकरी खाता खाता, आईला सांगितले.

ही गोष्ट एंजेलाने आधी ऐकली होती. शब्दही जवळपास हेच होते. फक्त सांगताना जॉय ‘मी’ म्हणाला होता.

शेवटी प्रभुदासमामांनी कोंडी फोडली. मामा म्हणजे मुक्ताबाईंचे धाकटे भाऊ, सकाळच्या एसटीने पाथर्डीहून आलेले. “जॉयचं कोकरू?” ते म्हणाले. “आगं बाई, ह्याच्या काखंत कोकरू दिलं असतं तर नाटकाच्या आदीच रस्सा झाला असता!”

लोक हसले, विनोदाला लागते त्याहून अधिक हसले. मुक्ताबाईंचा हातही खाली आला. “व्हय की. ह्यो नळी फोडून चोखनारा. अँड्र्यूच्या वाटचं बी ह्योच खायचा. त्यो नुसतं ताट सरकवायचा ह्याच्याकडं.” मग त्यांचा आवाज मऊ झाला. “आता न्हाई खात बिचारा. भाऊ गेल्यापासनं ह्यानं बी सोडलं.”

जॉयने ट्रे पुढे केला. “सरबत घ्या,” तो म्हणाला, “बर्फ विरघळतोय.” एंजेलापाशी आल्यावर त्याने ग्लास दिला, पण तिच्याकडे पाहिले नाही.

उद्या रविवार होता. उद्या उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब वेदीपुढे उभे राहून लग्नाच्या जाहिरातीत जॉय आणि एंजेला यांची नावे तिसऱ्यांदा, म्हणजे शेवटचे, वाचणार होते. आणि या दोघांच्या विवाहास कोणाची हरकत असेल तर त्याने आत्ताच बोलावे, असे मंडळीला विचारणार होते. मागच्या दोन्ही रविवारी त्या विचारण्यानंतरची शांतता एंजेलाला सुखाची वाटली होती. त्या शांततेत आपण एका माणसाला पूर्ण ओळखतो, ही जाणीव होती. आणि ती जाणीव हीच तिची एकमेव अट होती.

तिच्या आईवडिलांनी श्रीरामपूरच्या घरात सारा जन्म एकत्र काढला होता. त्यांच्यात भांडण नव्हते. आवाज चढत नसत, भांडी आपटत नसत. वडील वारले तेव्हा भेटायला आलेल्या कोणा दूरच्या बाईने आईला विचारले, कसे होते हो ते? आईने खूप वेळ विचार केला. इतका, की त्या बाईला विचारल्याचा पश्चात्ताप झाला असावा. मग आई म्हणाली, “वेळेवर जेवायचे.” एंजेला तेव्हा एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. त्या दोन शब्दांतून तिला एका अख्ख्या आयुष्याची तळाशी पडलेली भेग दिसली, आणि ज्याचा तळ आपल्याला ठाऊक नाही अशा माणसाच्या शेजारी आपण कधीही झोपणार नाही, असे तिने मनाशी ठरवले.

माणसाचा स्वभाव तळापासून उलगडून दाखवणारी एक मांडणी तिला सापडली, पण ती अभ्यासक्रमात भेटली नाही. बाजूच्या वाचनात भेटली, आणि तहानलेल्याला पाणी भेटावे तशी भेटली. पुढे ती नगरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवू लागली तेव्हा तासाच्या शेवटी मुले तीच काढायला लावत. “मॅडम, माझा कर्ता कोण ते सांगा ना,” म्हणत. मागच्या बाकावरून कोणी तरी हटकून ओरडे, “आमच्याकडं कर्ता आईच हाय, मॅडम!”

जॉयलाही तिने ती पहिल्याच भेटीत सांगितली होती. पाळकसाहेबांच्या पत्नीने गाठ घालून दिली होती, आणि दोघे कॅन्टोन्मेंटच्या रस्त्याने चालत होते. त्या रस्त्यावर झाडांचे बुंधेसुद्धा गेरू आणि चुन्याचे सारखे पट्टे ओढून रांगेत उभे असतात.

“मन दोनच कामं करतं,” ती म्हणाली होती. “आत घेतं आणि निवाडा करतं. घेण्याच्या दोन तऱ्हा. काही जण समोर आहे ते घेतात. रंग, वास, चव, हाताला लागेल ते. ती संवेदना. काही जण त्याच्यामागे काय असेल ते घेतात. ती अंतःप्रेरणा.”

“आणि निवाडा?”

“त्याच्याही दोन. हे खरं ठरतं का, असं विचारणारा विचार. हे मोलाचं आहे का, असं विचारणारी भावना. आता या चारांतली प्रत्येक कोणात आत वळलेली असते, कोणात बाहेर. झाल्या आठ.”

“आणि आठही प्रत्येकात?”

“असतील. पण राज्य चौघींचं चालतं, आणि त्यांचा क्रम असतो. घरासारखं समज. पहिली म्हणजे घरातला कर्ता, सगळं त्याच्या शब्दावर. दुसरी कर्त्याचा उजवा हात. तिसरी लाडावलेलं पोर. कधी कामाला येतं, कधी हट्ट धरून बसतं. आणि चौथी म्हणजे घरातलं ते माणूस, पाहुणे आले की ज्याला मागच्या खोलीत बसवतात. दुःखात, आजारपणात, थकल्यावर तेच दार ढकलून बाहेर येतं.”

“आमच्या क्वार्टरला मागची खोलीच नाही,” जॉय म्हणाला होता. “पाहुण्यांपुढे सगळेच.”

ती हसली होती. घरी परतल्यावरही ते वाक्य तिच्या मनात राहिले. त्या वाक्याच्या मागे खोल काही आहे, असे तिला वाटले.

तिला नेहमी मागचेच दिसे. तिच्या मनाच्या घरातला कर्ता म्हणजे आत वळलेली अंतःप्रेरणा होती, आणि मागच्या खोलीत बाहेर पाहणारी संवेदना बसलेली होती. दूध उतू गेलेले तिला वासावरून कळत नसे. रोजच्या वाटेवरचे दुकान बंद पडले तर महिन्याने लक्षात येई. माणसाच्या बोलण्यातला एखादा थरकाप ती दुरून ओळखे. पण त्याच माणसाच्या ताटात काय वाढले आहे हे तिने कधी पाहिले नव्हते.

जॉय लष्कराच्या एका भांडारात सिव्हिलियन कारकून होता. साहेबांशी तो साहेबांची हिंदी बोले, जवानांशी जवानांची. आईशी बोलताना त्याच्या जिभेवर पाथर्डी येई, आणि एंजेलाशी बोलताना त्याची मराठी पुस्तकासारखी सरळ होई. हे तिने ऐकले होते, पण ऐकलेले तिच्यापर्यंत पोहोचले नव्हते.

प्रश्नावल्यांवर तिचा विश्वास नव्हता. कागदावर माणूस स्वतःला हवा तसा रंगवतो, असे ती म्हणे. आठवण सांगताना मात्र तो पकडला जातो. काय सांगतो याला महत्त्व नाही; कुठे थांबतो, काय वगळतो, कशावर पुन्हा हात फिरवतो, त्यात त्याचा कर्ता दिसतो. म्हणून ती जॉयला आठवणी विचारत गेली. रविवारी दुपारी, सुट्टीच्या दिवशी, चालता चालता, चहाच्या टपरीवरच्या बाकावर. सुरुवातीला तो किरकोळ काहीबाही सांगे. मग एके दिवशी त्याने कोकराची गोष्ट सांगितली.

पुढच्या पावसाळ्यात पेटीची. मंडळीत गीतांना तो पेटी वाजवत असे. उपासना संपली की लोक पाठ थोपटायला येत. एका रविवारी त्याने पेटीचा भाता मिटला आणि पुन्हा कधी उघडला नाही. कारण लोक गीत ऐकत नव्हते, बोटे पाहत होते. “कोणाला सांगितलं नाही का थांबलो ते,” जॉय म्हणाला होता, आणि मग बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिला होता.

आत वळलेली भावना. एंजेलाला शंका उरली नाही. हा असा माणूस, जो आपला तराजू आतच ठेवतो, जगाच्या मापाने काही जोखत नाही, आणि जे जोखले त्याची वाच्यता करत नाही. थोरल्या भावाबद्दल तो फारसे बोलत नसे, तेही तिने याच खात्यात टाकले. सर्वांत खोल ते ओठांवर येत नाही, असे तिला वाटले.

एक गोष्ट मात्र तिने लक्षात घ्यायला हवी होती, कारण ती स्वतः त्याच वळणात वाढली होती. मंडळीतले मूल बोलू लागते तेव्हापासून साक्ष ऐकते. घरसभांत, उपवासप्रार्थनेत, वर्षाच्या शेवटच्या उपासनेत कोणी तरी उभे राहते आणि आपले आयुष्य सांगते. आधी अंधार, मग एक छोटासा प्रसंग, मग एक वळण, आणि शेवटी खाली आलेला आवाज. चांगल्या साक्षी लोकांना पाठ होतात. आजोबांची साक्ष नातू सांगतो, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. कृपा एकाची असली तरी गोष्ट सगळ्यांची. जॉयच्या प्रत्येक आठवणीला तोच आकार होता. पण त्या आकाराची एंजेलाला इतकी सवय होती, की तो आकार आहे हेच तिला ऐकू आले नाही. तिला तो जॉय वाटला.

तिने त्याला त्याचा स्वभाव सांगितला तेव्हा तो शांतपणे ऐकत होता. चारही तऱ्हा, त्यांचा क्रम, कुठे तो दुखावतो, कुठे तो उमलतो. सगळे ऐकून त्याने विचारले होते, “म्हणजे मी असा आहे?”

“हो.”

“मग बरं,” तो म्हणाला होता.

ती नम्रता आहे, असे तिने धरले.

आता शेवटचे गीत सुरू व्हायचे होते. प्रभुदासमामांनी खाटेखालून कापडात गुंडाळलेली पेटी ओढली. “कोनी वाजवनारं हाय का? का कोरडंच म्हनायचं?”

“ऱ्हाऊ दे रं ती,” मुक्ताबाई म्हणाल्या. “अँड्र्यूनं मिटली ती मिटलीच.”

एंजेलाला पुढचे वाक्य ठाऊक होते. तरी तिने विचारले. दुखऱ्या दाताला जीभ लावून पाहावी तसे विचारले. “का मिटली, आई?”

“त्यो म्हनला, आई, गीत कोनी आयकतच न्हाई. समदी माजी बोटं बघत्यात.”

“आणि जॉय? जॉय नाही वाजवत?”

“त्यो?” मामांनी कपाळाला हात लावला. “त्यानं एकदा हात लावला हुता, तर शेजारचं कुत्रं सुरात आलं!”

पुन्हा हशा उठला. या खेपेला जॉयही हसला. एंजेलाने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. त्या हसण्यात लाज नव्हती, ओशाळलेपण नव्हते. मामा हसले म्हणून तो हसत होता. आणि आईचे डोळे भरून आले तेव्हा, त्याच क्षणी, त्याचेही भरले.

गीत पेटीशिवाय झाले. आशीर्वाद झाला. चपला शोधणाऱ्यांची दारात गर्दी झाली, आणि जाता जाता एकेकाने एंजेलाला नवरी म्हणून डोळ्यांनी मापून घेतले. पाळकसाहेब म्हणाले, “उद्या वेळेवर या हां. स्वतःच्या जाहिरातीला उशीर नको.”

स्वयंपाकघरात मुक्ताबाई ग्लास विसळत होत्या आणि ती पुसत होती.

“पोरी, मगाशी तुजा काय घोटाळा झाला गं?”

“काही नाही, आई. ऐकण्यात चूक झाली.”

“हुतं असं.” त्यांनी नळ बारीक केला. “तुला एक सांगू का? मला बी गोंधळायला हुतं. भाऊ गेल्यावर हे पोरगं बदललं. त्याच्यावानी बसतं, त्याच्यावानी गप ऱ्हातं. परवा माज्या तोंडातनं चुकून अँड्र्यू अशी हाक गेली, तर आतनं ‘ओ’ म्हनला. मी बी काय बोलले न्हाई. त्यो बी न्हाई.” त्यांनी ओल्या हातानेच डोळे टिपले. “येक गेला, पन दोनी हायेत असं वाटतं बघ. लई मायाळू हाय ग माजा जॉय.”

एंजेलाच्या हातातला ग्लास कोरडा होऊन कितीतरी वेळ झाला होता. ही बाई ज्या पाण्यावर जगत होती, त्यातच एंजेला बुडत होती. ते पाणी आटावे असे तिला म्हणता येत नव्हते. याच घरात एका आईला मेलेला मुलगा परत मिळाला होता. आणि तिला उमगले की तिच्याही वाट्याला तोच आला होता. मागची दोन वर्षे ती अँड्र्यूवर प्रेम करत होती. त्याचा आवाज तिने ऐकला नव्हता. त्याचा चेहरा तिने आज, स्टुलावरच्या चौकटीत, पहिल्यांदा नीट पाहिला होता.

याहून भीषण म्हणजे, तिचे मन थांबले नव्हते. ते नेहमीप्रमाणे कामाला लागले होते. बाहेर वळलेली भावना, ते सांगत होते. समोरच्याच्या मनाचा रंग घेणारी. खोलीत हशा असेल तर हशा, रडे असेल तर रडे. मागच्या खोलीत आत वळलेला विचार, म्हणून ‘मला काय वाटते’ या प्रश्नाला उत्तर नाही. सगळे किती नेमके बसत होते. एका किल्लीने दार उघडले नाही तर दुसरी हजर होती, आणि दुसरीही तितक्याच सहज फिरत होती. ज्या कुलपाला प्रत्येक किल्ली लागते, त्याच्या आत काय असणार?

जॉय तिला रिक्षापर्यंत सोडायला निघाला. ऊन कलले होते. कॅन्टोन्मेंटच्या भिंतीलगत कडुनिंबाचा पाचोळा साचला होता आणि मैदानावरून कवायतीचा एकसुरी पुकारा येत होता.

“कधी सांगणार होतास?” एंजेलाने विचारले.

“काय?”

“जॉय.”

तो चार पावले चालला. “मला वाटलं तुला कळलं असेल,” तो म्हणाला. “तुला माणसांचं कळतं ना.”

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला धरायला काही तरी मिळाले असते.

“सगळ्याच गोष्टी त्याच्या?”

“सगळ्या नाहीत. पहिली माझीच होती. तुला आठवत नसेल.” त्याने रस्त्यावरचा एक खडा बुटाने बाजूला केला. “आमच्या भांडारातला सुभेदार. त्याच्या मापाचे बूट कधी यायचेच नाहीत. दर वेळी तो चिठ्ठी घेऊन यायचा, आणि दर वेळी मी त्याला एक नंबर लहान द्यायचो. एकदा तो तसेच घालून परेडला गेला, आणि लंगडत आला, आणि मला म्हणाला, जॉयबाबू, आज मेरे पाँव ने तुम्हें बहुत याद किया. आम्ही दोघं पोट धरून हसलो. हे मी तुला सांगितलं. तू हसली नाहीस. ‘हं’ म्हणालीस. मग विचारलंस, त्या वेळी तुझ्या आत काय झालं?”

“मग?”

“काही झालं नव्हतं, एंजेला. बूट लहान होते.”

ती थांबली. तोही थांबला.

“मग मी कोकराची सांगितली,” तो म्हणाला. “तू माझा हात धरलास. तोपर्यंत कधी धरला नव्हतास.”

“म्हणजे चूक माझी.”

“मी चूक म्हटलंच नाही.” त्याचा स्वर इतका समजूतदार होता की तिला त्याची भीती वाटली. “तो गेल्यावर घरात नुसती त्याची जागा उरली. आई तिच्याकडेच बघायची. मी तिथे जाऊन बसलो. बसवलं कोणी नाही. पहिल्या नाताळात ताटात मटण आलं आणि ते माझ्या घशाखाली उतरेना. आई म्हणाली, तुझा भाऊ असाच. तेव्हा तिला जरा बरं वाटलं. मग तुला वाटलं. आता मला खरंच खाववत नाही. आता ती गोष्ट कोणाची, ते मलाही...”

“आणि तुझं काय? तुझं स्वतःचं?”

“क्रिकेट बघायचो,” तो विचार करून म्हणाला. “हसायचो पुष्कळ.”

पुढून एक लष्करी ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत ती तोंडावर ओढणी धरून उभी राहिली. तिला वाटले, अजून एक वाट आहे. त्याला खरे काय ते सांगावे, नव्याने सुरुवात करावी, यालाच आपला मानावा. ती बोलू लागली. “ऐक. तू तसा नाहीस. मी चुकीचं ओळखलं. तुझ्यात भावना बाहेर वळलेली आहे. दुसऱ्याला काय हवं ते तुला त्याच्याआधी कळतं, आणि ते तू देतोस. त्यात वाईट काही नाही. फक्त स्वतःकडे वळून पाहायला तुला जड जातं, आणि तू एकटा असलास की तुला...”

ती बोलता बोलता अडखळली. तो ऐकत होता. मान किंचित कललेली, भुवया एकमेकींजवळ आलेल्या, सगळे लक्ष तिच्या ओठांवर. आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याचा चेहरा जुळवाजुळव करू लागला होता. ती जे सांगत होती ते कुठे ठेवायचे, कोणता खांदा खाली आणायचा, कोणते हसू पुसायचे, हे त्याच्या आत कोणी तरी निमूटपणे ठरवत होते.

“असेल,” जॉय म्हणाला. “तू म्हणतेस तर असंच असेल. पटतंय मला.”

“पटवून घेऊ नकोस!”

ती ओरडली. पलीकडच्या फुटपाथवरून चाललेल्या दोन बायकांनी वळून पाहिले. जॉयने लगेच आवाज खाली आणला, तिचाही आवाज खाली यावा म्हणून. “बरं. नाही घेत. तू सांग, मी काय करू?”

हेच ते, तिला कळले. आपली आई निदान ‘वेळेवर जेवायचे’ एवढे तरी म्हणू शकली. उद्या आपल्याला कोणी विचारले तर तेवढेही सांगता येणार नाही. कारण जेवणाची वेळसुद्धा हा आपल्याला विचारूनच ठरवील. आपण एका बंद दाराला भीत होतो. इथे दारच नव्हते. चारही बाजूंनी वारा होता.

“उद्या मंडळीला विचारतील, हरकत आहे का म्हणून,” ती म्हणाली. “मंडळीचं राहू दे. मी तुला विचारते. आईला सून हवी म्हणून नाही. मला तू हवास म्हणून नाही. पत्रिका छापल्या, हॉल ठरला, म्हणूनही नाही. तुला, तुझ्या एकट्याला, हे लग्न हवंय का?”

जॉय तिच्या चेहऱ्याकडे पाहू लागला. विहिरीत पाणी किती आहे हे वाकून पाहावे तसा, तिच्या डोळ्यांत, कपाळावर, ओठांच्या कडांवर तो काही शोधू लागला. काय शोधतो आहे हे तिला कळले. तिथे उत्तर सापडले असते तर त्याने ते उचलून तिच्याच हातात ठेवले असते, आणि मनापासून ठेवले असते.

एंजेलाने त्याच्याकडे पाठ केली. तिने ओढणी डोक्यावरून पुढे घेतली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, चेहऱ्याचा एक कोपराही त्याला दिसणार नाही अशी. “आता सांग,” ती भिंतीला म्हणाली.

मैदानावरचा पुकारा थांबला होता. एक रिक्षा त्यांच्यापाशी येऊन रेंगाळली. “नगर, नगर... चलायचं का ताई?” रिक्षावाल्याने विचारले, आणि दोघांपैकी कोणी बोलत नाही असे पाहून तो पुढे निघून गेला. जॉयचा श्वास तिला ऐकू येत होता. तो वाढला, अडला, पुन्हा सावकाश झाला. एकदा तिला वाटले, तो तिचे नाव घेतो आहे. पण तो फक्त घसा साफ करत होता.

मग पाचोळ्यावर बूट वाजले. आधी एका जागी, वजन या पायावरून त्या पायावर टाकावे तसे. आणि मग एकामागून एक, न थांबता, क्वार्टरच्या दिशेने.